टॅपेटची टिकटिक

कारू हे लेहपासून पस्तीसेक किलोमीटरवर, सिंधूच्या काठावरचं ठिकाण. इथून एक रस्ता उपशीवरून मनालीकडे जातो आणि दुसरा शक्ती गावावरून चांग ला ओलांडून तांगत्से, पँगाँगकडे. लडाखमध्ये नोकरी केलेल्यांना हा दुसरा रस्ता वेगळा सांगायला नको. खिंड सतरा हजार फुटांहून उंच. वर हवा जवळजवळ निम्मी, माणसालाही आणि इंजिनालाही.

ऑक्टोबर संपत आला होता. हिवाळ्याचा साठा पुढच्या चौक्यांवर पोहोचवण्याचे शेवटचे दिवस. या दिवसांत प्रत्येक गाडीची प्रत्येक फेरी मोजलेली असते. अशा वेळी फर्स्ट परेडला एका तरुण ड्रायव्हरने सांगितलं, "साहब, इंजन में टिक-टिक की आवाज है. कल शाम तक नहीं थी."

हवालदारांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर फौजेतल्या वाचकांना ओळखीची असेल. पोरगा नवीन, त्याची चांग लाची दुसरीच फेरी, वर कडाक्याची थंडी. "बहाना है साहब. ठंडा इंजन है, गरम होगा तो चुप हो जाएगा." टॅपेट तर महिन्याभरापूर्वीच सेट केले होते, तशी नोंदही होती.

थंड डिझेल इंजिन खडखडतंच, हे खरं. पण खडखड सगळीकडून येते. ही टिकटिक एका जागेवरून, एका लयीत येत होती, शिवणयंत्रासारखी. ताफा वेळेवर सोडायचा होता, कारण दुपारनंतर खिंडीत वारा आणि बर्फ यांचा भरवसा नसतो. प्रश्न एवढाच होता की ही गाडी ताफ्यात घ्यायची की नाही. चढावर इंजिन बंद पडलं तर एकेरी रस्ता अडतो. उतारावर बंद पडलं तर त्याहून वाईट. भरलेली गाडी आवरायला इंजिनाचा ब्रेक लागतो, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, आणि पॉवर स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं.

मी गाडी मागे ठेवली. एकटी गाडी या रस्त्यावर सोडत नाहीत, म्हणजे एक पूर्ण दिवस गेला. ताफा निघाला आणि आमचा ईएमईचा नायक हत्यारं घेऊन आला. केरळचा माणूस, बोलणं कमी.

आधी त्याने डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहिली, मग तेलाचा दाब. दोन्ही ठीक. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. खाली संपजवळ आवाज दबका, वर रॉकर कव्हरवर स्पष्ट. तिथेही मागच्या बाजूला जास्त. ही टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येत होती. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणून निम्म्या लयीचा आवाज आला की संशय व्हॉल्व्हच्या बाजूला जातो.

पण इंजेक्टरही त्याच लयीत टकटकतो. म्हणून त्याने एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरा सैल केला. तो तो सिलिंडर बंद झाला, इंजिन अडखळलं, टिकटिक मात्र तशीच राहिली. दोष इंजेक्टरचा किंवा बेअरिंगचा असता तर आवाज बदलला असता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा डाग नव्हता, म्हणजे गॅसची गळती नाही.

मग कव्हर उघडून, इंजिन हळू चालू ठेवून, त्याने फीलर गेजची पट्टी एकेका रॉकरखाली सरकवली. पाचव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला पट्टी गेली आणि आवाज थांबला. बाहेर काढली, पुन्हा सुरू. "मिल गया साहब." तिथला लॉकनट सैल होता, त्याचे आटे झिजलेले. स्क्रू मागे सरकत होता आणि फट वाढत होती. आणखी सरकला असता तर पुशरॉड निसटू शकला असता आणि चढावर एक सिलिंडर गेला असता.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. पुशरॉड काढून काचेवर लोळवला. सरळ होता. नवा नट घातला. सहा सिलिंडरच्या या इंजिनात क्रम 1-5-3-6-2-4. दुसऱ्याचे व्हॉल्व्ह डुलत असतात, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा पाचव्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. त्या जागी आणून फट मॅन्युअलप्रमाणे बसवली, स्क्रू धरून नट आवळला आणि आवळल्यावर पुन्हा मोजली, कारण आवळताना माप हलतं. बाकीचे अकराही तपासले.

त्यातला एक गरजेपेक्षा घट्ट निघाला. नायक पहिल्यांदाच चार वाक्यं सलग बोलला. सैल टॅपेट आवाज करतो, म्हणून सापडतो. घट्ट टॅपेट काहीच बोलत नाही. व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गुपचूप जळतो. "साहब, चुप वाला ज्यादा खतरनाक है."

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा तीच गाडी घेऊन चांग लापार गेला. निघण्याआधी हवालदारांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "अब क्या बोल रही है?" तो म्हणाला, "अब ठीक बोल रही है, उस्ताद."

त्यानंतर एक गोष्ट मी प्रत्येक पोस्टिंगवर पाळतो. फर्स्ट परेडला ड्रायव्हरने काही सांगितलं की बॉनेट आधी उघडायचं, मत नंतर द्यायचं. दहापैकी आठ वेळा काही निघत नाही. पण त्या आठ वेळा जो पोरगा ओरडा खातो, तो नवव्या वेळी गप्प बसतो. आणि गप्प बसलेल्याचं काय होतं, ते नायकाने सांगितलंच आहे.