लामाची गाडी

लामा म्हटले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तिबेटातील एखादा भिक्षू उभा राहतो. परंतु ज्या लामाविषयी मी येथे चार शब्द लिहिणार आहे, तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा, उंटाच्या कुळातला पण मदार नसलेला, लोकरीचा प्राणी होय. पेरू व बोलिव्हिया या देशांत हजारो वर्षांपासून त्याच्या पाठीवर ओझी लादीत आले आहेत. ओझे फार झाले तर तो खाली बसतो आणि कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. १५३२ साली पिझारो स्पॅनिश शिपाई घेऊन इंका लोकांच्या राज्यात शिरला, तोपर्यंत तेथे चाकाची गाडी नव्हतीच. तेव्हा लामाला गाडीस जोडणे हा प्रकार अलीकडचा, आणि तोही करमणुकीचा. उत्तर अमेरिकेत काही हौशी लोक आपल्या शेतावर लामा पाळतात व त्यास हलकी दुचाकी गाडी ओढावयास शिकवितात.

काही वर्षांपूर्वी तेथील ऑरेगॉन राज्यात एका वृद्ध दांपत्याच्या शेतावर राहण्याचा योग मला आला. त्यांच्याकडे चार वर्षांचा एक तपकिरी लामा होता. हाडे पक्की झाल्याखेरीज या जनावरास ओढण्याचे काम देत नाहीत. त्याचे वय आता झाले होते. त्याला शिकविण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. माझा जन्म देशावरच्या शेतकऱ्याच्या घरातला; वडिलांना गोऱ्हे जुंपताना मी लहानपणापासून पाहिलेले. हे लोकर पांघरलेले जनावर मला काय अवघड, असे वाटले.

पहिल्याच दिवशी माझा ताठा थोडा उतरला. आपल्या बैलाचे जू वशिंडापुढे मानेवर बसते व त्या जोरावर तो गाडी ओढतो. लामाला वशिंडच नाही! म्हणून त्याच्या छातीवरून रुंद पट्टा घेऊन गाडी ओढवितात. तोंडात लगाम न घालता कासरे म्होरकीलाच बांधतात. ती म्होरकीही जपून बसवावी लागते. कारण लामा मुख्यत्वे नाकानेच श्वास घेतो, आणि त्या नाकाचा पुढचा भाग अगदी मऊ असतो. पट्टा वर, डोळ्यांच्या जवळ, हाडावर नसला तर त्याचा जीव गुदमरतो.

मालकीणबाईंनी मला क्रम सांगितला. प्रथम म्होरकी घालून सोबत चालविणे; मग लांब कासरे धरून मागून चालणे व ‘चल’, ‘थांब’ हे शब्द ओळखीचे करणे; मग अंगावर पट्टे चढविणे; मग नुसत्या दांड्या मागे फरफटत नेऊन आवाजाची सवय करणे; आणि शेवटी रिकामी गाडी. “तो कंटाळण्यापूर्वी तुम्ही धडा थांबवा,” असेही त्यांनी बजावले.

तीन आठवड्यांत तो माझ्या शब्दाने चालू व थांबू लागला, पट्टेही त्याच्या अंगवळणी पडले. इकडे माझे परतण्याचे दिवस जवळ आले, आणि गाडीत बसून काढलेले एक छायाचित्र घरी पाठवावे अशी मला फार उत्कंठा लागली. एके सकाळी मालकीणबाई गावात गेल्या असता मी दांड्यांचा धडा गाळला आणि त्यास सरळ गाडीस जोडले. दहा पावले तो नीट चालला. इतक्यात चाक एका दगडावरून खडखडले. त्याने मान वळवून पाहिले, तो काहीतरी आपल्या पाठीस लागले आहे! कान मागे टाकून तो उधळला. गाडी कुंपणाला अडकून उलटली, मी चिखलात पडलो, आणि दांडीने त्याच्या मागच्या पायाचे कातडे सोलून निघाले.

पायाची जखम पंधरा दिवसांत भरून आली. परंतु मी जवळ गेलो की तो दूरच्या कोपऱ्यात उभा राही आणि बारीक हुंकार देई. तेव्हा मला आमच्या घरचा एक गोऱ्हा आठवला. वडिलांनी त्यास पराणी टोचली म्हणून मी रडलो होतो. ते म्हणाले होते, “बाळ, वाफसा आला आहे. आता थांबलो तर पेरणी हुकेल, मग वर्षभर खायचे काय?” त्यांच्या घाईला कारण होते. माझ्या घाईला कोणते होते? ज्या कामावाचून कोणाचे पोट अडत नाही, त्या कामासाठी मुक्या जिवास भिवविण्याचा मला काय अधिकार?

मालकीणबाईंना मी सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “पुन्हा पहिल्यापासून,” एवढेच म्हणाल्या. मी माझे निघणे लांबणीवर टाकले. रोज दाण्याची बादली घेऊन मी कुंपणात नुसता बसे. आठव्या दिवशी त्याने बादलीत तोंड घातले. मग म्होरकी, मग कासरे, मग पट्टे, आणि या वेळी दांड्याही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने रिकामी गाडी साऱ्या शेताभोवती शांतपणे ओढली. मी मागून पायी चाललो. गाडीत बसलो नाही.

घरी पाठविलेल्या छायाचित्रात लामा आहे, गाडी आहे, आणि गाडी रिकामी आहे. शाळेत असताना गणितातील मधली पायरी गाळली म्हणून आमचे मास्तर गुण कापीत. उत्तर बरोबर असताना हा काय जुलूम, असे तेव्हा वाटे. मित्रहो, आता तसे वाटत नाही.