सोंगातले भांडण

आनेकलच्या आमच्या बिऱ्हाडी रविवारी तरुण मंडळी जमतात, ती पत्ते कुटण्यासाठी नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ ती खेळतात. एक जण कथा चालवितो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन बोलतात. पराक्रमाचा निकाल वीस पैलूंच्या फाशावर. परवा चोराने राक्षसाचा खजिना सोडून सोबतच्या योद्ध्याचीच थैली लांबविली. 'माझे पात्रच तसे आहे,' हे त्याचे समर्थन! पाहता पाहता खऱ्या आवाजांना धार चढली. परमुलखात जोडलेली चार माणसे अशी तुटली, तर दुसरी आणावी कोठून?

आम्हांस या कानडी प्रांतातले ताळमद्दळे आठवले. यक्षगानाच्या या प्रकारात ना रंग, ना नाच. अर्थधारी बसल्या जागी पात्राच्या वतीने उत्स्फूर्त वाद घालतात. मरणोन्मुख वाली असे प्रश्न टाकतो, की रामाला घाम फुटावा. वाद लांबला, तर भागवत पुढचे पद उचलतो. शिवाय कितीही युक्तिवाद केला, तरी मरायचे वालीनेच, हे दोघेही जाणतात. फाशाच्या खेळात शेवट ठरलेला नसतो. म्हणून तेथे आपसांतल्या वारांचा करार आधी हवा.

कथा चालविणाऱ्याने फासा मुठीत धरला आणि योद्ध्याला विचारले, "ही चोरी तुला चालेल का?"

तो थांबून म्हणाला, "चालेल. पण ती उघडकीस केव्हा यावी, हे मी ठरवणार."

थैली तूर्त चोराकडेच आहे.