उन्हाळ्याचे वीजदेयक : एक गृहगणित

फाल्गुन सरला, होळीची राख थंड झाली, की बालाघाटच्या आपल्या पठारावर उन्हाचा अंमल सुरू होतो. वैशाखात धाराशिव जिल्ह्याचा पारा ४० अंशांची मर्यादा सहज ओलांडतो. या दिवसांत संसारी माणसास दोन गोष्टींची धास्ती असते. एक पाण्याची आणि दुसरी विजेच्या देयकाची. पाण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले जाते. देयकाविषयी मात्र केवळ कुरकुर ऐकू येते. कुरकुरीने देयक उतरत नाही. ते कशाने उतरते, याचा थोडा विचार आमच्या घरी आम्ही केला. तोच विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. आमच्या आजोबांना पंख्यावाचून झोप येत असे. मग आम्हांसच ती का येत नाही? आजोबांचे घर उमरगा तालुक्यात होते. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद. बाहेर ऊन रणरणत असताना आत पाऊल टाकताच अंगाला गारवा जाणवे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद अशा दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मरण पावली, आणि ती बहुतांशी अशाच जड भिंतींखाली व माळवदांखाली सापडून. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या घरातील माणसे वाचली. गल्लीतील सगळ्या घरांचे तसे झाले नाही. त्यानंतर मातीचे छत पुन्हा डोक्यावर घ्यायचे नाही, असे आजोबांनी ठरविले, आणि ते योग्यच होते. गावोगावी सिमेंटचे स्लॅब व पत्रे आले. घरे हलकी व सुरक्षित झाली. गारवा मात्र गेला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. म्हणून उन्हाळ्यातील देयकाचा काही भाग हा आपण सुरक्षिततेसाठी मोजलेला मोबदला आहे, हे ध्यानी घेऊन मगच काटकसरीचा विचार करावा.

आता गणिताकडे वळू. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. तो दिवसाचे १६ तास चालला तर १.२ युनिट होतात. आमच्या घरी तीन पंखे. म्हणजे ३० दिवसांचे १०८ युनिट झाले. १८० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर महिन्याचे ५४ युनिट. फ्रिज, दिवे, पाण्याची मोटार वगैरे मिळून आमचा बारमाही खर्च सुमारे ८० युनिटांचा आहे. बेरीज २४२ युनिट.

खरी मेख या बेरजेच्या पुढे आहे. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण कंपनी स्थापन झाली. तिच्या देयकाच्या कागदावर दरांचे टप्पे छापलेले असतात. घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० युनिटांस त्याच्या सुमारे दुप्पट, आणि पुढे त्याहून अधिक. १०० ची रेघ ओलांडली की सगळेच युनिट महाग होतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. रेघेपुढचे युनिट तेवढे महाग होतात. त्याशिवाय स्थिर आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार असतात, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. यातून एक मोलाची गोष्ट निष्पन्न होते. आपण वाचविलेला प्रत्येक युनिट हा नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून वजा होतो. आमच्या २४२ पैकी १४२ युनिट महाग होते; वाचवावयाचे ते तेथूनच.

हे उमजल्यावर आम्ही घरातल्या घरात एक वही घातली. रोज सायंकाळी सात वाजता मुलांनी मीटरवरील आकडा टिपावयाचा व कालचा वजा करावयाचा. चार दिवसांतच त्यांना कळून आले की, दिवा मालविण्याविषयी आपण जेवढी दटावणी करतो तेवढा खर्च आता दिव्यांचा राहिलेला नाही. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. खरा खर्च छताला गरगर फिरत होता.

मग एकेक करून तीन पंखे बदलले. बीएलडीसी जातीचा पंखा तेवढ्याच वाऱ्यास सुमारे ३० वॅट घेतो. तीन पंख्यांचे १०८ युनिट ४३ वर आले. हा पंखा साध्याहून महाग पडतो, म्हणून दर उन्हाळ्यास एक, असा क्रम आम्ही ठेवला. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी निदान जुना, पेटीसारखा रेग्युलेटर बदलावा. त्याने पंखा मंद केला तरी वाचलेली वीज त्याच्याच पोटात उष्णता होऊन वाया जाते.

दुसरा उपाय छताचा. मार्च संपण्यापूर्वी आम्ही गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात देतो. पांढरा रंग ऊन परतवितो. चुन्यास खर्च थोडा आणि श्रम घरचेच. पूर्वेची खिडकी सकाळी नवाला व पश्चिमेची दुपारी जाड पडद्याने झाकतो, आणि सूर्य मावळताच सर्व उघडतो. पठारावरचा रात्रीचा वारा अजून फुकट आहे.

कूलरविषयी मात्र निराळा विचार करावा लागला. आपली हवा कोरडी असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत तो उत्तम चालतो, समोरची खिडकी उघडी असेल तरच. परंतु त्याला दिवसाला कित्येक घागरी पाणी लागते. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात विजेची बचत पाण्याच्या उधळपट्टीने करणे शहाणपणाचे नव्हे. आम्ही त्याचे तास १० वरून ५ वर आणले. एकंदर खर्च १५० युनिटांवर आला. महागड्या टप्प्यातील १४२ पैकी ५० उरले.

तथापि काटकसरीस एक सीमा असते, आणि ती मला आमच्या आईमुळे उमगली. वहीतील एका आठवड्याचे आकडे अपेक्षेहून कमी भरले. चौकशी करता असे निघाले की, आम्ही सर्व शाळेत गेल्यावर आई पंखा बंद करून बसत. त्यांचे वय ७४. "एका जिवासाठी कशाला वीज जाळायची?" असे त्यांचे म्हणणे. त्या दिवसापासून घरात नियम झाला : आईचा पंखा हा खर्चाच्या यादीत धरावयाचाच नाही. पारा ४० च्या वर गेला म्हणजे नुसता पंखाही पुरत नाही. तो उष्ण वाराच अंगावर फेकतो. तेव्हा ओला पंचा, वरचेवर पाणी आणि दुपारच्या वेळी सोबतीला माणूस हवे. उन्हाच्या लाटेत पहिला बळी जातो तो वृद्धांचा, तान्ह्या मुलांचा व उन्हात राबणाऱ्यांचा. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्म्याविरुद्ध कृती आराखडा सिद्ध केला, तो २०१० च्या लाटेने अनेकांचे प्राण घेतल्यानंतर. देयक भरता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

ज्यांचे छत स्वतःचे आहे त्यांस आणखी एक मार्ग खुला झाला आहे. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॅटच्या सौरसंचास ३०,०००, दोनला ६०,००० व तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. ज्या उन्हाने देयक वाढते त्याच उन्हाने ते उतरवावे, ही कल्पना मोठी मनोरम आहे. परंतु भाड्याच्या खोलीत किंवा पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबास तिचा लाभ सहज मिळत नाही. त्यांच्यासाठी चुना, पडदा व वही हेच उपाय आहेत.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत गणिताचा अभ्यास राहतो अशी तुमची तक्रार असते. घरचे देयक काढा, त्यावरील प्रत्येक ओळ वाचा, मीटरचा आकडा रोज टिपा, आणि आपल्या आईवडिलांस हिशेब समजावून सांगा. मात्र हिशेब करण्यापूर्वी एवढे पाहा की, घरातील सर्वांत अशक्त माणूस पंख्याखाली बसलेला आहे ना. तो तेथे असेल तर पुढची सर्व वजाबाकी बिनचूक होईल.