डबीचा नंबर

पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या पाइपचा आणि डिझेलच्या रेलचा संबंध काय, हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. सर्व्हिस सेंटरने मात्र जॉबकार्डवर एका ओळीत तो जोडून टाकला: ‘बाहेरची वायरिंग आढळली, वॉरंटी नामंजूर.’ त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

गाडी पिकअप, बीएस-सहा, कर्जावर घेतलेली. पासिंग सतराशे किलोचं. मी पोशेऱ्याचा, तालुका मोखाडा. पावसाळ्याच्या तोंडावर खत-बियाणं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबांची भांडीकुंडी भिवंडी-वसईकडे, उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवाला पाण्याच्या टाक्या, अशी वर्षभर भाडी असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन सुरू झालं, कातकरी वाड्यांवर घरकुलं मंजूर झाली, तेव्हापासून सिमेंट, पत्रे आणि सळई हेच मुख्य काम. ट्रक मोठ्या रस्त्यावर माल टाकून जातो. तिथून पाड्यापर्यंत पिकअपशिवाय कुणी जात नाही.

मनोर-विक्रमगडकडून माल आला की जव्हारचा घाट चढायचा. खाली समुद्रसपाटी आणि वर जव्हार साधारण 450 मीटरवर. तीस गोण्या भरल्या की दीड टन होतात, म्हणजे पासिंगच्या आत. तरी एका ठरावीक वळणावर गाडी तिसरा गियर सोडते. दुसरा टाकला की इंजिन ओरडायला लागतं आणि मागे एसटी असेल तर हॉर्न सुरू होतो. दुसऱ्यात घाट चढता येतो, पण दिवसभर तेच केलं की वेळही जातो आणि डिझेलही. चिप बसवायचं डोक्यात आलं ते एवढ्या एका वळणापायी. मला वेग नको होता, तिसरा गियर टिकायला हवा होता.

नाशिकला हे काम करणारा एक पोरगा भेटला. हुशार होता, नाही म्हणणार नाही. त्याने तीन प्रकार दाखवले. पहिला म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची बोटभर डबी, डिझेल वाचवते म्हणून ऑनलाइन मिळते ती. त्याने तिथेच एक उघडून दाखवली. आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही नव्हतं, गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीएमशी, तिचं बोलणंच होत नाही. असली डबी कुणीही विकत घेऊ नये, अगदी शंभर रुपयांना मिळाली तरी. दुसरा प्रकार रीमॅप, म्हणजे ईसीएममधला मूळ प्रोग्राम काढून नवा भरायचा. तिसरी डबी रेलच्या सेन्सरवर बसणारी. मी ती घेतली, कारण ती काढता येते. गाडी माझ्या पोटाची आहे. तिच्या मेंदूत कुणी काय लिहिलं हे मला वाचता येणार नसेल, तर ते लिहून घ्यायचं कशाला?

ही डबी काय करते ते सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. आताच्या डिझेल गाड्यांत पंप डिझेल प्रचंड दाबाने एका जाड नळीत भरून ठेवतो, तिला रेल म्हणतात. नोझल किती वेळ उघडायचं हे ईसीएम ठरवतो. रेलवरचा सेन्सर आतला दाब व्होल्टेजमध्ये कळवत असतो. डबीचा कपलर या दोघांच्या मधे बसतो आणि आहे त्यापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडतोय, तो वाढवतो, आणि नोझल तेवढाच वेळ उघडलं तरी डिझेल जास्त पडतं. खोटं किती सांगायचं, ते डबीवरचा खटका ठरवतो. माझ्या डबीवर शून्य ते नऊ नंबर होते.

पोराने सातवर लावून दिली. “भाऊ, सातच ठेवा, मजा येईल.” नाशिकच्या मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत खरंच पाठ सीटला चिकटली. पण हौद्यात काय भरणार, कुठला घाट चढणार, हे त्याने विचारलंच नव्हतं. सगळ्या गोष्टीतलं हे मला सर्वांत विचित्र वाटतं. पिकअपला चिप बसवताना लोडचा प्रश्न आधी यायला हवा. शिंपीसुद्धा आधी माप घेतो.

लोड घेऊन त्याच वळणावर सात नंबरवर गेलो तेव्हा आरशात मागचा रस्ताच दिसेना, इतका काळा धूर. टेंपरेचरचा काटा वर सरकला, क्लचप्लेटचा जळका वास आला आणि थोड्या वेळाने मीटरवर चेक लाइट लागली. पोराला फोन केला तर म्हणाला, “क्लचप्लेट हेवी टाकून घ्या.” म्हणजे एका डबीसाठी दुसरा खर्च, आणि त्यानंतर तिसरा.

मग मी नंबर माझ्या पद्धतीने लावला. तेवढ्याच गोण्या, तेच वळण, तोच गियर, आणि लक्ष तीन गोष्टींवर: आरशातला धूर, काटा, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वेग न वाढता नुसते आरपीएम चढतात का, कारण ते चढले की प्लेट घसरतेय असं समजायचं. दोन नंबरवर तिसरा गियर टिकला. चारवर ओढ दोनइतकीच, वर धूर. यामागचं कारण सरळ आहे. घाटात लोड घेऊन इंजिन पंधराशे-सोळाशेवर चालतं. तेवढ्यावर टर्बो पुरती हवा भरत नाही. हवा नाही तिथे जास्तीचं डिझेल टाकलं तर त्याची काजळी आणि उष्णता होते, ओढ वाढत नाही. बीएस-सहा गाडीच्या सायलेन्सरात काजळी अडवणारी गाळणी असते, ती आधी तुंबते. वरचे नंबर कामाला येतात ते तीन हजाराच्या पुढे, हायवेवर. लोड घेऊन घाटात तीन हजारावर गाडी कोण चालवतो?

आणखी एक फसवणूक सांगतो. डबी बसवल्यावर मीटरवरचा ॲव्हरेज वाढलेला दिसतो, आणि लोक त्याचाच फोटो एकमेकांना पाठवतात. पण मीटर हा आकडा ईसीएमच्या हिशोबावरून काढतो, आणि ईसीएमला तर आपणच खोटा दाब सांगतोय. खरं पडणारं डिझेल त्याच्या हिशोबात नसतंच. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजायचं, दुसरा मार्ग नाही. माझा ॲव्हरेज दोन नंबरवर होता तेवढाच राहिला, सातवर घसरला.

आता सर्व्हिस सेंटरकडे येतो. पॉवर स्टिअरिंगचा पाइप पाझरत होता तो डबीच्या आधीपासून. आधीच्या सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर त्यांच्याच माणसाने लिहिलं होतं: ‘पाइप लीक, पार्ट मागवला.’ पार्ट आला की फोन करू म्हणाले. फोन आला नाही. मधल्या काळात मी डबी बसवली, नंबर लावला, वापरली. गाडी सर्व्हिसला न्यायची म्हणून ती काढून घरी ठेवली आणि कंपनीचा कपलर होता तसा जोडला. नुसतं काम होतं पाइप बदलायचं.

सुपरवायझरने बोनेट उघडलं आणि त्याची नजर सेन्सरच्या वायरवर गेली. तिथे टेपचा चिकटा राहिला होता. त्याने मोबाइल काढून फोटो घेतले, एक लांबून, एक जवळून, एक नंबरप्लेटचा. मग विचारलं, “इथे काय होतं?” मी खरं ते सांगितलं. लपवायचं असतं तर चिकटा पुसूनच आणला असता. तो आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, “तुमची वॉरंटी गेली.”

मी म्हटलं, “इंजिनची म्हणताय का?”

“गाडीची.”

“अहो, स्टिअरिंगच्या पाइपात डिझेल वाहतं का?”

“सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही. बाहेरची वायरिंग टाकली की सगळंच ब्लॉक होतं.”

मी जुनं जॉबकार्ड काढून समोर ठेवलं. त्यावर तारीख, त्यांचा शिक्का, त्यांच्याच माणसाचं अक्षर. त्याने ते नीट वाचलं, हे मी पाहिलं. वाचून परत दिलं आणि म्हणाला, “वर मेल करतो.” दुपार झाली. गाडी रॅम्पवर, मी बाकड्यावर, आणि पाड्यावर गवंडी सिमेंटची वाट बघत बसलेले. संध्याकाळी उत्तर आलं: नामंजूर. मी म्हटलं, मला हे कारणासकट लिहून द्या. तर म्हणे कारण लिहिलंय की, बाहेरची वायरिंग. म्हणजे पाझर आधी, वायरिंग नंतर, आणि नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण! शाळेतल्या पोराला सांगितलं तर तोही हसेल. शेवटी पाइपचे पैसे मी भरले. रक्कम फार मोठी नव्हती. पण ज्या माणसाने तो कागद वाचला, त्याला खरं काय ते कळलं होतं, आणि कळूनही त्याने बटण दाबलं, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं असं नाही की डबीला सगळं माफ असावं. नोझल, पंप, टर्बो, क्लच यांतलं काही बिघडलं असतं तर मी वॉरंटी मागितलीच नसती. कायदाही माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आणखी ठाम केलं. कुणाला डबी बसवायची असेल त्याने हे आधी वाचावं. पण ज्या पार्टला डबीचा स्पर्शही नाही, त्याची वॉरंटी कुठल्या न्यायाने जाते? असं कुणाचं झालं असेल तर नकार लेखी घ्या, जुनी जॉबकार्डं फेकू नका आणि ग्राहक आयोगात तक्रार करा. ई-जागृती पोर्टलवर ती ऑनलाइनही करता येते, तेव्हा वकील आणि जिल्ह्याच्या खेपा या भीतीने गप्प बसू नका. माझा अर्ज तयार होतोय.

खरं तर मूळ रोग डबीत नाही, लोडमध्ये आहे. ठेकेदार भाडं ठरवतो ते चाळीस गोण्यांच्या हिशोबाने. चाळीस म्हणजे दोन टन. तीसच नेतो म्हटलं तर “दुसरा बघतो” म्हणतो. ओव्हरलोडला कलम 194 प्रमाणे वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, आणि तो भरायला उभा राहतो गाडीवाला. चाळीस भरायला लावणाऱ्याला रस्त्यावर कुणी अडवत नाही. निम्म्या चिपा या चाळीस गोण्यांसाठीच बसतात, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे. आणि डबी घाट चढवेल, पण उतरवणार कोण? नाशिकहून माल आणला की त्र्यंबक सोडून तोरंगण घाट भरलेल्या गाडीने उतरावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडला की ईसीएम डिझेलच बंद करतो, म्हणजे डबीवर नऊ असो की शून्य, उताराला तिचा काडीचा उपयोग नाही. तिथे खालचा गियर आणि थंड ब्रेक एवढंच आपलं. पाण्याची टाकी भरलेली असेल तर आणखी जपावं लागतं. हजार लीटर म्हणजे एकच टन, पण अर्धी झालेली टाकी वळणावर आतून ढकलते. आमच्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि आम्ही ऐन उन्हाळ्यात टाक्या वाहतो. तो विषय वेगळा, पण हौद्यातल्या वजनात तोही आहे.

त्यामुळे डबी काढली ते बरं झालं, असं मी घरी सांगतो. तीस गोण्या, दुसरा गियर, शांतपणे घाट. पण तेही पूर्ण खरं नाही. त्या वळणावर पाय खाली जातो, गाडी तिसरा सोडते, आणि दर वेळी वाटतं की दोन नंबरवर हिने हा चढ घेतला होता. धूर नव्हता, काटा वर नव्हता, आणि पीयूसीतही पास होती. म्हणजे कंपनीच्या इंजिनात तेवढा दम आहे, फक्त तो डोंगरातल्या माणसाला दिलेला नाही. काही गाड्यांना इको आणि नॉर्मल असा खटका कंपनीच देते. मग घाटासाठीही एक द्यावा, वॉरंटीसकट.

खोडाळ्याच्या मेव्हण्याने परवा डबी मागितली. त्याची गाडी बीएस-चार, वॉरंटी कधीच संपलेली. त्याच्या सेन्सरचा कपलर जुळतो का ते आधी बघ म्हटलं, जुळला तर घेऊन जा. नंबर दोन, गोण्या तीस. “आणि चाळीस भरल्या तर कितीवर लावू, दाजी?” असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मग डबी परत आणून दे.