उत्तरेचा तांबडा उजेड

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात आमची मुडबी वसली आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. ज्वारीची कणसे भरली की राखणीस गेलेला माणूस रात्रच्या रात्र उघड्या आकाशाखाली काढतो. क्षितिजावरचा उजेड शेकोटीचा, वणव्याचा की उगवत्या चंद्राचा, हे त्याला नेमके कळते. पण उत्तरेस मध्यरात्रीच तांबडे फुटले तर त्याने काय समजावे?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईच्या किनाऱ्यावरून ध्रुवीय प्रकाश दिसला. जो पाहावयास लोक नॉर्वेपर्यंत जातात, तो अनपेक्षितपणे सुमारे एकोणीस अक्षांशावर प्रकटला! कृष्ण पक्ष असल्याने चंद्र उत्तररात्री उगवणार होता. काळोखाचीही साथ मिळाली. मुंबई-एडन दरम्यानच्या समुद्रतळावरील तारेचे काम काही तास बिघडले. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. तेथील चुंबकसूचीही जोराने विचलित झाली. पुढे विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळण्यासाठी १९०४ मध्ये हे काम अलिबागेस नेण्यात आले.

या प्रकाशाचे मूळ सूर्यात आहे. तेथील उद्रेकातून विद्युतभारित कणांचे लोट सुटतात. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळविते व वातावरणावर आदळून ते प्रकाश उत्पन्न करतात. वादळ प्रचंड असेल तर हा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो. हिरवी छटा सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर असते, तर प्राणवायूची तांबडी छटा दोनशेहून अधिक उंचीवर. म्हणून दूरच्या पाहणाऱ्यास केवळ वरची तांबडी किनार दिसते.

मुडबी कुलाब्याच्या दक्षिणेस अवघी अंश-सव्वा अंश. त्या रात्री आमच्या शिवारात कोणी जागा असेल, तर त्याने उत्तरेकडे पाहून हात जोडले असतील, अवर्षणाची शंका घेतली असेल आणि सकाळी चारचौघांत सांगितलेही असेल. कुलाब्यास लेखणी होती. राखणदाराच्या हाती गोफण होती. एवढ्याच फरकाने एकाचे पाहणे शास्त्राच्या उपयोगी पडले आणि दुसऱ्याचे त्याच्याबरोबरच गेले.

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी असाच तांबडा प्रकाश टिपला. आता यंत्रे जागी असतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या वादळाचा विस्तार ठरविताना शास्त्रज्ञांना आजही जुन्या रोजनिशा व बातम्यांचाच आधार घ्यावा लागतो.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी व जमाखर्चाचे चोपडे पडून आहेत. ते रद्दीत घालण्यापूर्वी शके १७९३, म्हणजे फसली १२८१ ची पाने जाणकाराकडून वाचवून घ्यावीत. हिशेबाच्या कडेला आकाश तांबडे झाल्याची एखादी ओळ सापडली, तर आपल्या पूर्वजांची साक्षही कुलाब्याच्या नोंदीशेजारी बसेल.