नॉर्मल रिपोर्टची मुदत

कोल्हापुरात तब्येतीची भीती बोलून दाखवणं अवघड. तालमींचं गाव हे. शिवाजी पेठेत लहानपणापासून ऐकत आलो ते एकच, ‘काय हुतंय त्याला? धडधाकट तर हाय!’ बोलण्यात माया असते, पण माझी भीती त्यानं कधी कमी झाली नाही.

सुरुवात २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत झाली. घरोघरी ऑक्सिमीटर आले होते आणि तेव्हा त्यांची गरजही होती. लाट ओसरल्यावर शेजाऱ्यांनी ते कपाटात टाकले. माझा उशाशीच राहिला. मग लक्ष ऑक्सिजनवरून नाडीवर गेलं, नाडीवरून हृदयावर. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलची चाचणी, सगळं नीट. रिपोर्ट हातात पडला की जिना उतरतानाच हलकं वाटायचं. संध्याकाळी शंका यायची, चाचणीच्या वेळीच नेमकं सगळं ठीक असेल तर? रात्री मोबाइलवर लक्षणं शोधायची आणि शेवटी बायकोला उठवायचं. ‘अहो, काही होत नाही, झोपा.’ तेवढ्यावर डोळा लागायचा.

फॅमिली डॉक्टरांनी एकदा विचारलं, ‘रिपोर्ट नॉर्मल आला की बरं किती वेळ वाटतं?’ माझं उत्तर ऐकून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

धडधड खरी आहे, असं मला पहिल्यांदा तिथं कुणीतरी म्हणालं. भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, तोच आजाराचा पुरावा वाटतो आणि भीती आणखी चढते. पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की पुन्हा पुन्हा मागितलेला दिलासाच ही भीती जागती ठेवतो.

उपचार ऐकायला साधा होता. नाडी बघावीशी वाटली की पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, मग तास. नाडी न बघताही भीती उतरते, हे अंगालाच शिकावं लागतं. जोतिबाच्या पायऱ्यांवर धाप लागली तरी मनगटाला हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम मात्र बायकोच्या वाट्याला आलं. ‘काही होत नाही’ हे तिनं म्हणायचं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला धीर न देणं तिच्या स्वभावातच नाही. पुष्कळदा ती गप्प बसायची आणि तिचेच डोळे भरायचे. माझं बरं होणं मी तिच्या त्या गप्प बसण्याच्या खात्यावर मांडतो.

डॉक्टरांनी एक कागद लिहून दिलाय. छातीवर दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारं दुखणं असेल तर तडक दवाखाना. बाकी तक्रारी ठरल्या तारखेला, एकाच डॉक्टरांपुढे. धडधड अजून अधूनमधून येते; तिला तारखेपर्यंत थांबावं लागतं. कुणाला एकदम मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं जड वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं.