ठरावांचे गद्य

मराठी साहित्य संमेलनाविषयी आपण जे बोलतो आणि लिहितो, ते बहुतेक अध्यक्षांविषयी असते. अध्यक्ष कोण झाले, कसे झाले, भाषणात काय बोलले. यातल्या ‘कसे’ची चव थोडी उणावली आहे, २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक गेली आणि महामंडळ व घटक संस्था मिळून नाव ठरवू लागल्या. तरी अध्यक्षीय भाषणाचे महत्त्व कायम आहे. कऱ्हाडचे १९७५ चे संमेलन म्हटले की आणीबाणी आणि दुर्गाबाई भागवत डोळ्यांसमोर येतात. त्या संमेलनात कोणते ठराव झाले हे मात्र मराठीच्या दहा प्राध्यापकांना विचारून पाहावे. आम्ही विचारले आहे. उत्तर कोणाकडूनही आले नाही, आणि विचारणाऱ्याकडेच थोड्या संशयाने पाहिले गेले.

ठरावांसाठी संमेलनात खुले अधिवेशन असते. ते शेवटच्या दिवशी, समारोपाला लागून. आम्ही गेल्या पंचवीस वर्षांत सात-आठ संमेलनांना हजेरी लावली. गाव आणि मांडव बदलला तरी ही वेळ सारखीच गेली. ग्रंथप्रदर्शनात विक्रेत्यांनी खोकी बांधायला घेतलेली असतात. लांबून आलेल्यांचे लक्ष एसटीच्या आणि रेल्वेच्या वेळेकडे असते. स्वयंसेवक मागच्या खुर्च्या एकात एक घालून रचू लागतात, आणि त्या आवाजात व्यासपीठावरून ठराव वाचले जातात. आधी शोकठराव, त्यासाठी सगळे उभे राहतात. मग मागण्या. सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव, टाळ्या, पुढचा ठराव. चर्चा होत नाही, कारण ती आदल्या रात्री विषय नियामक समितीत झालेली असते. अर्ध्या-पाऊण तासात एका भाषिक समाजाचे वर्षभराचे म्हणणे वाचून संपते.

तरीही लेखक-वाचकांचा समुदाय म्हणून मराठी माणूस शासनाला काही औपचारिकपणे सांगतो तो हाच अर्धा-पाऊण तास असतो. नाटकवाल्यांचे, चित्रकारांचे, लोककलावंतांचे आपापले मेळावे असतात. पण शाळेतली मराठी, ग्रंथालये, सीमाभाग, अनुवाद, ग्रामीण भागातली वाचनालये हे सारे एका कागदावर येण्याची जागा दुसरी नाही. राज्याला सांस्कृतिक धोरण आहे. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावरून पहिले धोरण २०१० मध्ये आले, नवे २०२४ मध्ये मंजूर झाले. धोरणाचे मसुदे समित्या करतात. त्या समित्यांसमोर आपले काय गेले, असे उद्या कोणी विचारले तर दाखवायला आपल्याजवळ ठरावच असतात.

म्हणून हे ठराव आम्ही एकदा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावेत तसे वाचायचे ठरवले. वर्तमानपत्रांतून आणि संमेलनांच्या कागदांतून जमवलेले पंधरा-वीस ठराव छायाप्रती काढून पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात वाटले आणि सांगितले, आशय बाजूला ठेवा, क्रियापदे अधोरेखित करा. दहा मिनिटांत फळा भरला. ‘करावा’, ‘द्यावे’, ‘वाढवावे’, ‘लक्ष घालावे’, ‘विचार व्हावा’, ‘तरतूद करण्यात यावी’. सगळा विध्यर्थ. विध्यर्थाच्या छटा व्याकरणात शिकवाव्या लागतात: कर्तव्य, विनंती, इच्छा, शक्यता. ठरावांच्या गद्याची खुबी अशी की एकाच ‘करावा’तून या चारही छटा एकदम निघतात. ऐकणाऱ्याने आपल्या सोयीची घ्यावी. सभागृहाला ते कर्तव्य वाटते, मंत्रालयाला इच्छा.

दुसरे लक्षण कर्त्याचे. ‘शासनाने’ हा कर्ता स्पष्ट आला तर भाग्य. पुष्कळ वाक्यांत तोही नसतो. ‘तरतूद करण्यात यावी.’ कोणी? कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात? किती? या तिन्ही प्रश्नांना त्या वीस ठरावांत मिळून दोनच ठिकाणी काही उत्तर होते. ज्या सभेत मराठी गद्याचे जाणते कारागीर बसलेले असतात, त्या सभेच्या नावाने इतके निसरडे गद्य बाहेर पडते, हे आम्हाला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

वर्गात मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ठराव हा शब्द ठरवण्यावरून आला ना? मग यात आपण ठरवलंय काय?”

तिला उत्तर म्हणून आम्ही १९४६ चे बेळगाव सांगितले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला संमेलन भरले. तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि नुसता ठराव करून मंडळी पांगली नाहीत. पुढचे काम करण्यासाठी समिती नेमली गेली. जुलैत मुंबईला शंकरराव देवांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली. राज्य आले ते १ मे १९६० ला. मधल्या चौदा वर्षांत जे घडले त्याचे श्रेय साहित्यिकांच्या एका ठरावाला देणे भाबडेपणाचे होईल. शंभराहून अधिक माणसांनी त्यासाठी प्राण दिले, आणि ती बहुतेक संमेलनाच्या मांडवात कधी न आलेली होती. पण त्या ठरावाला समिती होती, म्हणजे त्यातल्या क्रियापदाला कर्ता होता, आणि तो कर्ता आपणच होतो. ज्या गावात हे ठरले ते गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. सीमाभागाचा ठराव संमेलनांत आजही नेमाने होतो. त्याचे क्रियापद आता विध्यर्थी आहे.

मागण्या सगळ्याच वाया जातात असे मात्र कोणी म्हणू नये. पहिली ते दहावीपर्यंत सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. अभिजात दर्जासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तो दर्जा मान्य केला. मराठी विद्यापीठ हा संमेलनांच्या थट्टेचा विषय होऊन बसला होता. तेही रिद्धपूरला, लीळाचरित्राच्या गावी, सुरू झाले. या तिन्हींमागे संमेलनांच्या ठरावांचा रेटा होता, हे मान्य करायलाच हवे. एवढे मात्र दिसते की जिथे प्रश्न एका घोषणेने सुटण्याजोगा असतो तिथे ठराव उशिरा का होईना पोहोचतो. जिथे दर वर्षी, दर महिन्याला पैसे खर्च करावे लागतात तिथे तो पोहोचत नाही. ग्रंथालयांचे उदाहरण आमच्या अगदी शेजारचे आहे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळवतात. आमच्या गावचे वाचनालय यांपैकीच एक. तिथले ग्रंथपाल (गाव त्यांना नाना म्हणते, आम्हीही) तीस-पस्तीस वर्षे ती जागा सांभाळतात. अनुदान हप्त्यांनी येते. आले की त्यातून पुस्तके, मासिके, विजेचे बिल, आणि उरले तर नानांचे मानधन. नाना संमेलनाला जमेल तेव्हा जातात. परिसंवादाला बसत नाहीत, कविसंमेलनाला तर नाहीच. दोन दिवस प्रदर्शनात जुन्या पुस्तकांचे भाव विचारत फिरतात आणि शेवटच्या दिवशी खुल्या अधिवेशनाला पहिल्या ओळीत जाऊन बसतात.

त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर ग्रंथालयांविषयीचा ठराव, संमेलनाचे गाव, साल आणि सूचक-अनुमोदकांची नावे. उजवे पान उत्तरासाठी. ती वही त्यांनी आम्हाला दाखवली तेव्हा उजवी पाने पाहण्याची आम्हाला घाई झाली. काही ठिकाणी अनुदानवाढीच्या बातम्यांची कात्रणे होती. वाढ होते, पण अनेक वर्षांच्या खंडानंतर, आणि तोवर कागद आणि छपाई दोन्ही तिच्या पुढे गेलेली असतात. बाकीची पाने कोरी. “उजवीकडं काहीच नाही म्हणून डावीकडचं लिहायचं सोडायचं का, सर?” असे म्हणून त्यांनी वही कपाटात ठेवली आणि देवघेवीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलाला त्याचे पुस्तक दिले.

आमच्या मते त्या वहीसारखी वही संमेलनाची म्हणून असायला हवी. प्रत्येक नव्या संमेलनात पहिला ठराव वाचण्याआधी मागच्या वर्षीच्या ठरावांचे काय झाले ते वाचले जावे: कोणत्या खात्याकडे गेला, कोणत्या तारखेला, उत्तर काय आले. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर, मराठवाडा असे फिरते; पदाधिकारी बदलतात, फायली एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. अशा फिरत्या संसारात नोंद टिकवायची तर ती जाहीर वाचूनच टिकेल. अनुदान मागणाऱ्या वाचनालयाला वर्षाचा हिशेब द्यावाच लागतो. मागणाऱ्या संमेलनाने तो स्वतःला द्यायला काय हरकत आहे?

यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की दोष गद्याचा नाही, परिस्थितीचा आहे. संमेलनच शासनाच्या पैशावर उभे असेल तर त्याचे क्रियापद विध्यर्थीच राहणार. वर्ध्याच्या २०२३ च्या संमेलनाच्या वेळी हे अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर गेले. त्याआधी जेमतेम दोन महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने रद्द केला होता आणि निवड समितीही बरखास्त केली होती. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी त्यावर साहित्य संस्कृती मंडळाचे सदस्यत्व सोडले. ‘राजीनामा देत आहे’ या वाक्यात कर्ता प्रथमपुरुषी असतो आणि काळ वर्तमान, याची आम्ही त्या वेळी वर्गात नोंद केली होती.

सहकाऱ्यांचे म्हणणे आम्हाला अर्धेच पटते. शासनाचे पैसे हे करदात्यांचे, म्हणजे नानांच्या वाचनालयात येणाऱ्यांचेही पैसे आहेत. ते साहित्यासाठी मागण्यात लाचारी नाही. दुसरी वाटही आपल्याकडे चोखाळली गेली आहे. १९९९ मध्ये धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, ते लोकांकडून मूठभर धान्य आणि रुपया-रुपया गोळा करण्याच्या भूमिकेतून. तिथल्या ठरावांची भाषा अधिक धारदार असते. उजवे पान मात्र तिथेही फारसे भरलेले दिसत नाही. म्हणजे पैसा कोणाचा, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोणाच्या वतीने बोलतो आहोत, हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले आणि का नाकारले ते पत्रात लिहिले. ते पत्र आपण अभ्यासक्रमात लावतो, परीक्षेत त्यावर टीप विचारतो. खुल्या अधिवेशनाच्या आधी ते एकदा वाचून दाखवावे असे मात्र कोणी सुचवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यंदा त्याच वर्गाला आम्ही उलट काम दिले: ग्रंथालयांविषयी एक ठराव लिहा, पण विध्यर्थ वापरायचा नाही. पहिले तीन मसुदे फसले. ‘शासन अनुदान वाढवील’ असे एकाने लिहिले, तर ते भविष्यकथन झाले. चौथ्या मसुद्यात ‘हे संमेलन प्रत्येक तालुक्यात एका वाचनालयाची जबाबदारी घेत आहे’ असे वाक्य आले आणि वर्गात वाद पेटला. जबाबदारी म्हणजे पैसे का? पैसे असतील तर कोणाचे? एकाने विचारले, संमेलन तीन दिवसांचे, उरलेल्या दिवसांची जबाबदारी कोण घेणार? मागच्या बाकावरच्या त्याच विद्यार्थिनीने सुचवले की ‘हे संमेलन’ खोडून संमेलनाला येणाऱ्या प्रतिनिधींच्या नावांची यादी जोडावी आणि प्रत्येकाने आपापल्या गावच्या वाचनालयाचे नाव पुढे लिहावे. मतदान घेतले. दुरुस्तीच्या बाजूने अकरा, विरुद्ध चौदा; विरोधकांचे म्हणणे असे की मग ठरावाला कोणी अनुमोदकच मिळणार नाही. मसुदा दुरुस्तीसह आणि मतांच्या नोंदीसह टंकून घेतला आहे. त्याची एक प्रत नानांनी मागून नेली.